ज्वारी, कळणा, नागली आणि पॉलिफेनॉल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्नतंत्रशास्त्र शिकून मी पुन्हा घरच्या गिरणीवर बसलो, तापीकाठच्या गावात. दळण टाकायला येणारी माणसं डबा ठेवता ठेवता विचारतात, आणि आता फोनवरही विचारतात. साखर (म्हणजे मधुमेह) घरोघरी पोचल्यापासून एकच विषय फिरून फिरून येतो: कुठल्या धान्यात काय असतं म्हणून ते हळू पचतं? तेच प्रश्न इथे ओळीने लावले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पॉलिफेनॉल म्हणजे नेमकं काय? ते आमच्या ताटात कुठे असतं?

झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली द्रव्यं. कीड, बुरशी, पाखरं, कडक ऊन यांच्यापासून बी वाचावं म्हणून ती बहुतेक सालीत साठवलेली असतात. ही हजारो प्रकारची आहेत. जिभेला तुरट लागतं ते टॅनिन, जांभळाचा आणि काळ्या तांदळाचा रंग ते अँथोसायनिन, चहातली कॅटेचिन, वांग्यातलं आणि कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल, धान्याच्या कोंड्यातलं फेरुलिक आम्ल. उडदाचं काळं साल, शेंगदाण्याचं लाल साल, नागलीचा (म्हणजे नाचणीचा) तपकिरी रंग हे सगळं याच घराण्यातलं. चहाच्या भांड्याला बसणारा तपकिरी थर, किंवा लोखंडी कढईत आवळा शिजवला की पडणारा काळा रंग, ही त्यांचीच करामत. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की शाईसारखा काळा रंग होतो.

2. स्टार्च पचतो म्हणजे पोटात काय होतं?

भाकरीचा घास नुसता एकदोन मिनिटं चावत राहा, गोड लागायला लागतो. लाळेतल्या अमायलेज नावाच्या एन्झाइमने स्टार्चच्या लांब साखळ्या तोडायला सुरुवात केलेली असते. जठरातल्या आम्लात हे काम थंडावतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज ते जोरात पुढे नेतं, आणि आतड्याच्या अस्तरावरची ग्लुकोसिडेज एन्झाइम शेवटचे तुकडे करून सुटं ग्लुकोज मोकळं करतात. तेच रक्तात जातं.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. सरळ साखळीचं अमायलोज साधारण 20 ते 30 टक्के, बाकी फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. प्रयोगशाळेत 37 अंशांवर एन्झाइमबरोबर ठेवून 20 मिनिटांत सुटतो तो झटपट पचणारा स्टार्च, 20 ते 120 मिनिटांत सुटतो तो हळू पचणारा, आणि त्यानंतरही उरतो तो न पचणारा. ही विभागणी 1992 सालची. ग्लायसेमिक इंडेक्स (जीआय, म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते त्याचा आकडा) त्याआधीचा, 1981 चा, आणि तो मात्र खऱ्या माणसांना खाऊ घालून मोजतात.

3. मग पॉलिफेनॉल मध्ये येऊन करतात तरी काय?

तीन ठिकाणी आडवे येतात.

पहिलं ठिकाण एन्झाइमचं. अमायलेज हे प्रथिन आहे, आणि टॅनिनला प्रथिनांना चिकटायची खोड. कच्चं केळं खाल्लं की तोंडाला मिठी बसते, ती लाळेतली प्रथिनं टॅनिनने गोळा केल्यामुळे. तसंच पॉलिफेनॉल अमायलेजच्या खाचेत जाऊन बसतं आणि स्टार्चला तिथे जागा उरत नाही. कुलपाच्या भोकात काडी मोडून बसावी तसं. मात्र ही पकड कायमची नसते, सुटते आणि पुन्हा धरते. रेणू जितका मोठा तितकी पकड साधारण घट्ट, म्हणून एकेरी कॅटेचिनपेक्षा साखळी झालेलं टॅनिन भारी पडतं. पॉलिफेनॉलला साखरेचा रेणू जोडलेला असला की बहुतेक वेळा जोर कमी होतो.

दुसरं ठिकाण खुद्द स्टार्चचं. अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, एका वेढ्यात सहा ग्लुकोज. आत पोकळी असते. छोटा, सडपातळ रेणू त्या पोकळीत शिरू शकतो, पण टॅनिनसारखा जाडजूड रेणू बाहेरूनच हायड्रोजन बंधांनी साखळीला बिलगतो. दोन्हीकडून परिणाम एकच: एन्झाइमला साखळीवर हात टाकायला जागा कमी मिळते. पण त्यासाठी स्टार्चचा दाणा आधी पाण्यात तापून फुगून उकलायला हवा. म्हणून पॉलिफेनॉल पिठातच असताना शिजणं आणि वरून नंतर घालणं, यात फरक पडतो.

तिसरं ठिकाण आतड्याचं. सुटलेलं ग्लुकोज आत घेणारे वाहक असतात, त्यांनाही काही पॉलिफेनॉल अडवतात. 1835 साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं असंच एक द्रव्य वेगळं केलं गेलं. मूत्रपिंडातले तसलेच वाहक अडवणाऱ्या आजच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांची मूळ कल्पना त्याच द्रव्यातून आली.

हे सगळं परीक्षानळीत ठळक दिसतं. ताटात मात्र प्रमाण कमी असतं, टॅनिनला चिकटायला डाळीतली आणि दुधातली इतर प्रथिनंही असतात, त्यामुळे परिणाम पातळ होतो. पुढची सगळी उत्तरं वाचताना हे डोक्यात ठेवा.

4. ज्वारीची भाकरी हळू पचते, ती पॉलिफेनॉलमुळेच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि माझं उत्तर ऐकून माणसं जरा नाराज होतात. आपली दादर असो की दुसरी कुठली पांढरी ज्वारी, तिच्यात टॅनिन जवळजवळ नसतंच. परदेशी लेखांत ज्वारीच्या टॅनिनबद्दल जे छापून येतं ते गडद तपकिरी, तुरट जातींबद्दल असतं. त्या जाती पूर्व आफ्रिकेत मुद्दाम लावतात, कारण कणीस दुधात असताना पाखरं तिकडे फिरकत नाहीत. आपल्याकडे त्यासाठी मचाण आणि गोफण होती, त्यामुळे आपण गोड दाणा जपला.

मग पांढरी ज्वारी संथ का? कारणं दुसरी आहेत. ज्वारीचं प्रथिन, काफिरिन, स्टार्चच्या दाण्यांभोवती जाळ्यासारखं असतं आणि पाण्यात शिजलं की त्याचे धागे एकमेकांत आणखी घट्ट गुंततात. ज्वारीचा स्टार्च उकलायलाही जास्त उष्णता लागते, साधारण 68 ते 78 अंश. गव्हाचा 58 ते 64 ला उकलतो. शिवाय पीठ आपण चाळून सगळा कोंडा काढत नाही.

आणि एक गोष्ट गिरणीवाल्याच्या तोंडून ऐका: दळण किती बारीक, यावर बरंच अवलंबून आहे. मैद्यासारखं पीठ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ज्वारीचा निम्मा फायदा मीच माझ्या हाताने दळून टाकतो. पिठाचा कण जाड असला की एन्झाइमला आतवर पोचायला वेळ लागतो. भाकरी थापताना चिरत नसेल इतपत जाड दळा, एवढंच मी सांगतो.

पांढऱ्या ज्वारीत पॉलिफेनॉल अजिबात नाहीत असं नाही. फेरुलिक आम्लासारखी फिनॉलिक आम्लं कोंड्यात आहेत. पण ती बरीचशी तंतूंना बांधलेली असतात आणि मोठ्या आतड्यात जाऊनच सुटतात. स्टार्च पचण्याच्या जागी ती मोकळी नसतात.

5. दाणा लालसर असेल तर टॅनिन आहे असं समजायचं का?

नाही. वरच्या सालीचा रंग आणि टॅनिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅनिन असतं ते सालीखालच्या एका पातळ थरात, आणि तो थर असणं-नसणं जातीवर ठरतं. लाल ज्वारी बिनटॅनिनची असू शकते. दाण्याची साल ब्लेडने हलकेच खरवडा. खाली तपकिरी थर दिसला तर टॅनिन असण्याची शक्यता, थेट पांढरं दिसलं तर नाही. जिभेलाही कळतं: दोनचार दाणे चावून तोंड आवळल्यासारखं झालं तर आहे.

6. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते. काळा रंग म्हणजे पॉलिफेनॉल जास्त, मग ती साखरेला चांगली का?

मुळीच नाही. खरिपाची ज्वारी काढणीला पावसात सापडली की दाण्यावर बुरशी चढते, तो काळेपणा बहुतेक तिचाच. बुरशीची विषं भाजून जात नाहीत. असं दळण मी परत करतो, त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत. काळं उडीद आणि काळी पडलेली ज्वारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

7. कळण्याची भाकरी साखरेवर चालते असं आई सांगते. त्यात तथ्य किती?

आई बरोबर आहे, कारण मात्र बहुतेक वेगळं आहे. कळणा म्हणजे ज्वारी, सालीसकट काळे उडीद आणि मीठ एकत्र दळलेलं पीठ. प्रमाण घरोघरी बदलतं. आमच्याकडे येणारं बरंचसं दळण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद असं असतं, कुणी दोनास एकही घालतं.

उडदाने इथे एकदम चार कामं होतात. ज्वारीचा म्हणजेच स्टार्चचा वाटा कमी होतो. डाळीचं प्रथिन येतं. डाळींच्या स्टार्चमध्ये अमायलोज जास्त असतं, ते हळू पचतं. आणि काळ्या सालीतून पॉलिफेनॉल व तंतू येतात. यात पॉलिफेनॉलचा वाटा आहे, पण त्याला पहिला नंबर मी देणार नाही. तरी साल महत्त्वाचंच. धुवट पांढरी उडीद डाळ आणून कळणा करायचा म्हणणारे येतात, भाकरी पांढरी दिसावी म्हणून. मग तो कळणा कसला? भाकरी काळसर दिसली पाहिजे आणि ठेच्याबरोबर किंचित तुरट लागली पाहिजे. ती तुरट चव जिथून येते, तिथेच पॉलिफेनॉल आहेत.

कळण्याची पुरी हा वेगळा विषय. तेलाने पचन आणखी लांबतं, पण उष्मांकही वाढतात. भरीत-पुरीला बसल्यावर साखरेचं नाव काढायचं नाही, असं आमचे जिभाऊ म्हणत. मी त्यात पडत नाही.

उडदाने पोट फुगतं त्याचा पॉलिफेनॉलशी फारसा संबंध नाही. त्यातल्या रॅफिनोज घराण्यातल्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे जिवाणू त्यांचा वायू करतात.

8. सातपुड्यातली नागली खरंच वेगळी आहे का?

हो. धडगाव-अक्कलकुव्याकडची तपकिरी नागली हे आपल्या भागातलं पॉलिफेनॉलचं खरं उदाहरण. तिच्या बियाण्याच्या सालीत टॅनिन आणि इतर फिनॉलिक द्रव्यं दाटीने असतात. दाणा इतका बारीक की साल वेगळी काढणं जिकिरीचं, म्हणून ती पिठात राहते. शिजताना स्टार्च आणि टॅनिन एकाच भांड्यात असतात, म्हणजे प्रश्न 3 मधल्या दुसऱ्या ठिकाणाची अट आपोआप पुरी होते.

पांढऱ्या नागलीच्या जातीही असतात. दिसायला सुरेख, पण त्यांत पॉलिफेनॉल बरेच कमी. आणि तयार पॅकेटातलं गुळगुळीत, वस्त्रगाळ नागलीपीठ बघितलं की समजावं, बरीचशी साल चाळणीवर राहिली.

पेज आणि भाकरी यांतही फरक आहे. भरपूर पाण्यात बराच वेळ उकळलेल्या पेजेत स्टार्च पूर्ण उकलतो आणि लवकर पचतो. भाकरीत पाणी कमी, त्यामुळे उकल अर्धवट. हे ज्वारीलाही लागू.

9. कूट करताना शेंगदाण्याची सालं पाखडावी का?

नका पाखडू. त्या लाल सालीत साखळीचं टॅनिन चांगलं असतं. कूट जरा गडद होतं, एवढंच. चमचाभर कुटाने भाकरीचं पचन बदलेल अशी आशा मात्र ठेवू नका.

10. भरताच्या वांग्याने भाकरीचा स्टार्च अडतो असं वाचलं. खरं?

वांग्याच्या गरात क्लोरोजेनिक आम्ल आहे, चिरल्यावर फोड काळी पडते ती त्याच्यामुळेच, आणि भाजूनही ते बरंचसं टिकतं. पण अमायलेज अडवण्यात ते टॅनिनच्या मानाने दुबळं आहे. जांभळ्या वांग्याच्या सालीतल्या रंगद्रव्याचं कौतुक तर आपल्याला लागूच नाही. आपलं भरताचं वांगं हिरवट-पांढरं, आणि साल काट्यांवर भाजून आपण फेकून देतो. भरताचा फायदा सरळ आहे: ताटातली बरीच जागा ते घेतं आणि भाकरी कमी लागते.

11. जळगावच्या केळीला जीआय आहे, म्हणजे ती साखर कमी वाढवते ना?

हसू नका, हा प्रश्न महिन्यात दोनदा तरी येतो. ते जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, कुठल्या मुलुखातलं पीक त्याची ओळख. ग्लायसेमिक इंडेक्सशी त्याचं नाव सोडून काही नातं नाही.

खरा फरक कच्च्या-पिक्याचा. कच्च्या केळ्याच्या कोरड्या भागात 70 ते 80 टक्के स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होत जाते. कच्चेपणी या स्टार्चचे दाणे इतके घट्ट असतात की एन्झाइमला दाद देत नाहीत, आणि तो घट्टपणा दाण्याच्या रचनेचा आहे. कपड्याला डाग पाडणाऱ्या चिकातलं टॅनिन त्यात थोडी भर घालतं. पिकल्यावर तुरटपणा जातो तो टॅनिनचे रेणू जुळून विरघळेनासे होतात म्हणून.

आता अडचण अशी की कच्चं केळं कुणी तसंच खात नाही. भाजी केली, वेफर तळले की स्टार्च उकलतो आणि न पचणारा भाग बराच घटतो. वेफर खाऊन साखर आवरण्याचा विचार करत असाल तर तो सोडा.

12. शिळी भाकरी चांगली म्हणतात, त्यातही पॉलिफेनॉलच का?

नाही. भाकरी गार झाली की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात आणि थोडा स्टार्च न पचणारा होतो. भातालाही हेच लागू.

13. जेवताना किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर साखर कमी वाढेल का?

चहातली पॉलिफेनॉल अमायलेज अडवतात हे परीक्षानळीत नक्की आहे. पण आपला चहा दुधाचा. दुधातलं केसिन त्या पॉलिफेनॉलना आधीच धरून बसतं. वर दोन चमचे साखर. हिशेब जुळत नाही.

त्याहून मोठं नुकसान दुसरीकडे आहे. हीच द्रव्यं धान्य-भाजीतल्या लोहालाही धरून ठेवतात. नंदुरबारकडे पंडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी असणं, किती घरांत आहे ते तिथली आरोग्यसेविका सांगेल. अशा बाईला जेवणाबरोबर चहा देणं चुकीचंच. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा, जेवताना लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे लोह बरंच सुटतं.

14. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी पॉलिफेनॉल जातात का?

कमी होतात, सगळे जात नाहीत. भिजवलेल्या पाण्यात काही उतरतात, म्हणून ते पाणी तुरट आणि रंगीत होतं. मोड आल्यावर आणि आंबवल्यावर आणखी घटतात. शिवाय मोडात दाण्याचं स्वतःचं अमायलेज जागं होतं आणि स्टार्च तोडायला लागतं. म्हणजे पचायला दोन्हीकडून सोपं. दोनतीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचे बिबडे (वाळवणाचे पापड) तोंडात सहज विरघळतात, पण ज्याला हळू पचणारं हवं त्याच्यासाठी तो उपाय नाही. हे वाईट नव्हे, कुणाला काय हवं त्यावर आहे (प्रश्न 19).

15. काळ्या मसाल्यातली लवंग, दालचिनी उपयोगी पडते का?

दोन्ही परीक्षानळीत जोरकस आहेत. भाजीत तुमच्या वाट्याला येतात त्या चिमूटभर. मसाला चवीसाठी घाला.

16. मी घरी आयोडीनचा प्रयोग केला. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकल्यावर निळं झालं, वरून कोरा चहा ओतला तर निळा रंग गेला. म्हणजे चहाने स्टार्च संपवला?

एका शाळकरी मुलाने हा प्रयोग करून मला फोटो पाठवला, फार आवडला. पण उत्तर फसवं आहे. निळा रंग येतो तो अमायलोजच्या स्प्रिंगमध्ये आयोडीन शिरल्यामुळे. चहातली पॉलिफेनॉल त्या आयोडीनचं आयोडाइड करतात आणि आयोडाइड निळा रंग देत नाही. स्टार्च जागेवरच असतो. लिंबाचा रस घालून बघ, तोही रंग घालवेल. मोठ्या प्रयोगशाळांतही हीच खोच आहे: सुटलेली साखर रंगावरून मोजायच्या काही पद्धतींत पॉलिफेनॉल स्वतःच रंग बिघडवतात, म्हणून तिथे नुसत्या पॉलिफेनॉलचा वेगळा नमुना तुलनेसाठी ठेवावा लागतो.

17. स्टार्च अडवणाऱ्या वनस्पतीच्या पावडरी मिळतात. घ्याव्यात का?

मी विकत नाही, घ्या असं सांगत नाही. डबीवर परीक्षानळीतला आकडा छापलेला असतो, तुमच्या जेवणानंतरचा नव्हे.

18. मला अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी आहे. ती बंद करून कळणा-नागलीवर राहिलो तर?

नाही. या गोळ्या तेच काम करतात, ग्लुकोसिडेज अडवण्याचं, पण मोजून मापून आणि कितीतरी जास्त जोराने. भाकरी तिची जागा घेणार नाही. गोळी बदलायची तर ती डॉक्टरांनीच.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत हवी. या गोळ्यांबरोबर इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी दुसरी गोळी असेल आणि साखर एकदम खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर घरची साखर किंवा गूळ पटकन लागू पडत नाही. कारण साखर फोडणारं एन्झाइमही गोळीने अडवलेलं असतं. ग्लुकोज पावडरच द्या, आणि ती घरात आधीच आणून ठेवा.

19. मग लहान बाळालाही तपकिरी नागली, साल न काढलेला कळणा असंच द्यायचं का?

इथे सगळं उलटं होतं. टॅनिनला पूर्वीच्या पुस्तकांत पोषणविरोधी द्रव्य म्हणत, आणि त्याला आधार होता: टॅनिनची ज्वारी खाऊ घातलेल्या कोंबड्या आणि डुकरांचं वजन कमी भरायचं. जे वजन वाढू देत नाही ते मधुमेही मोठ्या माणसाला सोयीचं, वर्षाच्या बाळाला नव्हे. बाळाचं पोट वाटीएवढं. त्यात जे जाईल ते पुरतं पचलं पाहिजे, आणि लोहही सुटलं पाहिजे.

म्हणून बाळाला नागलीचं सत्त्व. नागली रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून हलकं भाजायचं, दळून बारीक चाळणीने चाळायचं. मोडातल्या अमायलेजमुळे या पिठाची लापशी घट्ट न होता पातळ राहते. म्हणजे साध्या पिठाचा एक चमचा जिथे वाटी घट्ट करतो, तिथे सत्त्वाचे दोन चमचे मावतात आणि बाळाला चमच्याने गिळताही येतात. दळायला आणताना मोडाचं आहे असं सांगा. मी आधी गिरणी झाडून घेतो, आणि ते दळण सकाळी पहिलं लावतो.